आमच्या ओट्याचा कुलवृत्तांत

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापायचं ठरलं आहे. आधीची आवृत्ती आजोबांच्या काळातली. तिच्यात माझ्या वडिलांपुढे 'शिक्षण चालू' असं लिहिलेलं आहे. मंडळाचे चिटणीस नात्याने माझे चुलत चुलते लागतात. त्यांनी चारपानी फॉर्मच्या दोन प्रती पाठवल्या, एक पक्की आणि एक कच्च्या कामासाठी. मूळ पुरुष, मूळ गाव, स्थलांतरे, कुलदैवत, दत्तक आले असल्यास मूळ आडनाव, दत्तक गेले असल्यास कोणाकडे, वाटण्या, निर्वंश शाखा. सोबत वर्गणीची पावती, रक्कम आधीच लिहिलेली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म भरायला बसलो आणि पहिल्याच रकान्यात अडकलो. पणजोबांच्या पलीकडची माहिती आमच्याकडे नाही, आणि पणजोबांविषयी जी आहे ती छापण्याजोगी नाही. मान वर केली तर समोर फ्रिज, ओट्यावर मिक्सर, शेगडीवर तवा, डोक्यावर पंखा. म्हटलं, ही मंडळी निदान कागदोपत्री तरी आपल्यापेक्षा खानदानी असतील. कच्ची प्रत पुढे ओढली आणि फ्रिजपासून सुरुवात केली.

आमच्या चाळीत पहिला फ्रिज आला तो केल्व्हिनेटर. 'फ्रिज' आणि 'केल्व्हिनेटर' हे दोन वेगळे शब्द आहेत हे मला मॅट्रिकपर्यंत ठाऊक नव्हतं. शेजारच्या काकू 'केल्व्हिनेटरमधून विरजण काढ गं' असंच म्हणायच्या. तेव्हा मूळ पुरुष : लॉर्ड केल्व्हिन. या गृहस्थांनी फ्रिज केला नाही. तपमान मोजायची रीत घालून दिली, म्हणून त्यांचं नाव कोणीतरी शीतकपाटाला लावलं. बरं, केल्व्हिन हेही त्यांचं नाव नव्हे. ते मूळचे विल्यम थॉमसन. १८९२ साली सरकारने लॉर्ड केलं, तेव्हा ग्लासगोत त्यांच्या विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्व्हिन नदीचं नाव त्यांनी घेतलं. म्हणजे पंचगंगेकाठच्या प्राध्यापकाने पंचगंगे व्हावं, आणि पुढे अमेरिकेत कोणी त्याच्या नावाने इडलीपात्र काढावं. मूळ पुरुषाच्या रकान्यात 'नदी' लिहिलं आणि पुढे सरकलो.

मूळ गाव डेट्रॉइट, साल १९१४. १९३७ मध्ये नॅश नावाच्या मोटारवाल्या घराण्याशी सोयरीक झाली. १९६८ मध्ये मोटारवाल्यांनी हे पोर व्हाइट नावाच्या घराण्याला दिलं. १९८६ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने अख्खं व्हाइट घराणंच विकत घेतलं, त्यात हेही आलं. इथवर कोणत्याही कुलवृत्तांतात शोभेल असंच आहे. खरी मौज भारतातल्या शाखेची. केल्व्हिनेटर ऑफ इंडिया फरिदाबादला नांदत होती. १९९५ साली ती अमेरिकेच्या व्हर्लपूलने घेतली. कारखाना घेतला, कामगार घेतले, डीलर घेतले. पण नाव? नावाचे मालक स्वीडनचे. तेव्हा काही काळ वापरून नाव परत करावं लागलं. वाडा, जमीन, गुरं आणि देवघर एका भावाकडे, आणि आडनाव मात्र दुसऱ्याकडे! असली वाटणी आमच्या कोकणातल्या कज्जेदलालांनाही सुचली नव्हती.

मग स्वीडनवाल्यांनी ते आडनाव इथे आणून दुसऱ्या कारखान्यातल्या कपाटांना लावलं. २००५ मध्ये तेही कंटाळले आणि इथला कारभार व्हिडिओकॉनच्या ओटीत टाकून निघून गेले. पुढे व्हिडिओकॉन बुडालं. नाव मात्र तरंगलं, कारण नावाला वजन नसतं. अखेर २०२५ मध्ये रिलायन्स रिटेलने ते विकत घेतलं. आमच्या त्या काकूंच्या सूनबाई अजूनही अभिमानाने सांगतात, 'आमच्याकडे तीन पिढ्या एकच कंपनी.' मी हिशेब केला. त्या एका कंपनीने एवढ्या अवधीत जितके बाप बदलले तितके आमच्या कुलवृत्तांताच्या तीनशे पानांत मिळून नसतील.

व्हिडिओकॉन म्हटलं की मराठवाड्याचा माणूस अजून उसासा टाकतो. औरंगाबादजवळच्या चितेगावातून घरोघरी रंगीत टीव्ही आणि धुलाई यंत्रं जायची. २००५ साली व्हिडिओकॉनच्या मालक धूत मंडळींना जग जिंकायची हुक्की आली, आणि इलेक्ट्रोलक्सच्या जोडीला त्यांनी फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदाही घेतला, पोलंडपासून मेक्सिकोपर्यंतच्या कारखान्यांसकट. इथे कुलवृत्तांतकाराने क्षणभर लेखणी थांबवावी असा योग आहे. ज्या वर्षी चितेगावच्या घरात केल्व्हिन आला, त्याच वर्षी थॉमसनही आला. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाची असलेली दोन नावं मराठवाड्यात पुन्हा भेटली! (तज्ज्ञ सांगतील की फ्रेंच कंपनीचे थॉमसन वेगळे, अमेरिकेतले एलिहू. बरोबर आहे. आडनाव एक, गोत्र भिन्न. आमच्यातही असं असतं.) गंमत एवढीच की त्याच सुमारास जगभरचे टीव्ही भिंतीला चिकटण्याइतके चपटे होत होते आणि आपण पाठीवर घडा घेतलेल्या टीव्हीच्या नळ्या विकत घेत होतो. ट्रॅक्टर आल्याच्या वर्षी कोणी तालुक्यातले सगळे बैल घ्यावेत, आणि वर हळदीकुंकू लावून, तशातली गत.

२०१८ मध्ये हे घर दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेलं. २०२१ मध्ये जी योजना मंजूर झाली तिच्यात देणेकऱ्यांच्या पदरी शंभरातले पाच रुपयेही धड पडत नव्हते. बँकवाले याला 'हेअरकट' म्हणतात. आमच्याकडे हेअरकटनंतर निदान शेंडी तरी राहते. पुढे अपिलात तीही योजना रद्द झाली. निर्वंश शाखेचा रकाना भरू की नको, या विचारात मी बराच वेळ होतो. शेवटी पेन्सिलीने भरला.

कुलदैवताच्या रकान्यात मी सर्वांसाठी एकच लिहिणार होतो : शेअर बाजार, नैवेद्य दर तिमाहीला. पण रांजणगाव आठवलं. महागणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी रस्त्याकडेला पाहिलं असेल, तिथल्या औद्योगिक वसाहतीत फ्रिज आणि धुलाई यंत्रांचं संमेलनच भरलेलं आहे. एलजी तिथे, व्हर्लपूल तिथे, हायर तिथे. अष्टविनायकाच्या यात्रेत ओझरला नारळ, लेण्याद्रीला जिने आणि रांजणगावला फ्रंट लोड! हायरने तिथला कारखाना २००७ मध्ये अँकर देवूकडून घेतला. त्यात अँकर मुंबईकर, देवू कोरियन आणि हायर चिनी. आता हायर तरी अस्सल चिनी नाव असेल म्हणून पाहायला गेलो, तर तेही अर्धं जर्मन. १९८४ मध्ये चिंगदाओच्या डबघाईला आलेल्या फ्रिज कारखान्याने जर्मनीच्या लिबहेर कंपनीशी करार केला. चिनी तोंडी लिबहेरचं 'लिबो-हायर' झालं. पुढे डोकं गळालं, शेपूट राहिलं. त्याच कारखान्याचे प्रमुख झांग रुइमिन यांनी १९८५ मध्ये सदोष निघालेले ७६ फ्रिज कामगारांकडून हातोड्याने फोडून घेतले होते. एक घाव स्वतःही घातला. आपल्याकडे सदोष माल फोडत नाहीत, दिवाळीत 'एक्स्चेंज ऑफर' लावतात.

तर या अर्ध्या नावाने २०१६ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचा घरगुती उपकरणांचा अख्खा धंदा ५४० कोटी डॉलरला उचलला. त्याआधी तो इलेक्ट्रोलक्सला द्यायचं ठरलं होतं, पण अमेरिकी सरकारने मांडवात येऊन हरकत घेतली आणि अक्षता परत गेल्या. आता जरा इकडे या. हेच जनरल इलेक्ट्रिक १९९३ मध्ये आपल्या गोदरेजांच्या घरी भागीदार म्हणून आलं होतं. गोदरेजांनी पहिला फ्रिज १९५८ मध्ये काढला तोही यांच्याच मदतीने. नव्वदीचं दशक सरताना दोघे वेगळे झाले. आता गोदरेजांचा फ्रिज शिरवळला बनतो आणि त्यांच्या जुन्या भागीदाराच्या धंद्याच्या नव्या मालकाचा रांजणगावला. मध्ये पुणे आहे. दोघांना एकमेकांकडे जायचं असलं तरी वाटेतल्या रहदारीमुळे समेट होणं अवघड आहे.

हे सगळं का, असं आमच्या हिने भाजी निवडता निवडता विचारलं. मी सांगितलं, अगं, कारखाना काय, कोणीही घालतो. नोएडाच्या डिक्सनसारख्या कंपन्या दुसऱ्यांच्या नावाने टीव्ही आणि वॉशिंग मशीन बनवून देतात. तिथे पट्ट्यावर सगळे भाऊ भाऊ असतात आणि शेवटच्या टेबलावर बारसं होतं. अवघड असतं ते दुकानदाराला पटवणं, गावोगाव दुरुस्तीवाला नेमणं आणि तुझ्या डोक्यात नाव बसवणं. त्याला वीस वर्षं आणि अतोनात जाहिराती लागतात. त्यापेक्षा बसलेलं नाव विकत घेतलेलं स्वस्त. ती म्हणाली, 'म्हणजे माझं डोकं विकलं जातंय, आणि मला पैसा नाही.' हे वाक्य कुठल्याच रकान्यात बसेना.

नावांचा खोटेपणा हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. हॅवेल्स घ्या. कोणाही मराठी माणसाला वाटेल, मँचेस्टरचे कोणी हॅवेल साहेब असावेत, पाइप ओढणारे. मूळ पुरुष निघाले हवेली राम, दिल्लीचे! १९५८ मध्ये किमत राय गुप्ता नावाचे एक शिक्षक पंजाबातून दिल्लीच्या भागीरथ पॅलेस बाजारात विजेच्या सामानाच्या व्यापाराला आले आणि १९७१ मध्ये हवेली रामांचं हे नाव त्यांनी विकत घेतलं. २००७ मध्ये त्याच हवेलीने युरोपातली सिल्व्हेनिया ही आपल्याहून मोठी दिव्यांची कंपनी घेतली. पुढल्याच वर्षी जगाचे दिवे गेले, पुष्कळ सोसावं लागलं, आणि अखेर सिल्व्हेनियाचा मोठा हिस्सा चिन्यांना विकला. पण साहेबाच्या घरात हवेली रामाने काही वर्षं मालक म्हणून चहा मागवला, हे मला वैयक्तिक समाधान आहे. व्होल्टासचं उलटं. व्होल्टशी संबंध असावा असं वाटतं, पण ते निघालं स्वित्झर्लंडच्या फोल्कार्ट बंधूंचं 'व्होल' आणि टाटा सन्सचं उरलेलं, साल १९५४. बीपीएल म्हणजे ब्रिटिश फिजिकल लॅबोरेटरीज, मुक्काम पालघाट. पुढे सरकारने तीच तीन अक्षरं दारिद्र्यरेषेखालच्यांना वाटली, आणि काही वर्षं रेशन दुकानात टीव्हीची आणि टीव्हीच्या दुकानात रेशनची आठवण येत राहिली.

तव्याशी मात्र हात थबकला. निर्लेप. हे आपलं, औरंगाबादच्या भोगल्यांचं. नाव कसं, गीतेच्या पाचव्या अध्यायातून उतरल्यासारखं. घावन करा, धिरडं करा, काही चिकटत नाही, काही लागत नाही. ज्याला काहीच चिकटत नाही त्याला २०१८ मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्स चिकटलं, ऐंशी टक्के. (बजाजांचंही मूळ नाव १९३८ साली 'रेडिओ लॅम्प वर्क्स' होतं. ज्याचं त्याचं.)

मिक्सरच्या कुळात दत्तक फार. चेन्नईच्या प्रीतीला २०११ मध्ये फिलिप्सने घेतलं. दहा वर्षांनी फिलिप्सने आपला घरगुती उपकरणांचा सगळा धंदाच एका आशियाई गुंतवणूक संस्थेला विकला, तेव्हा प्रीतीही त्या बोचक्यातून गेली. बटरफ्लायची कथा वेगळी. २०२२ मध्ये क्रॉम्प्टनने तिचे ५५ टक्के सुमारे १,३८० कोटींना घेतले. पुढल्या वर्षी म्हणाले, आता आमच्यातच विलीन हो, आमचंच आडनाव लाव. तर बटरफ्लायच्या किरकोळ भागधारकांनी मतदान करून नकार दिला! दत्तकविधान झालं, पेढे वाटले, पण भाऊबंद म्हणतात नाव बदलू देणार नाही. झाशीनंतर एवढ्या बाणेदारपणाचं उदाहरण मला ठाऊक नाही.

एवढं लिहून होतंय तोवर आमचा स्वतःचा मिक्सर बंद पडला. कोणाचा ते सांगत नाही. खोक्यावर एक नाव, वॉरंटी कार्डावर दुसरं आणि फोन उचलणारी तिसरंच सांगत होती. कोपऱ्यावरच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे नेला. त्याने बूड उघडलं, कार्बन बघितले, कपलर हलवून पाहिला. मी त्याला कंपनीची वंशावळ सांगू लागलो तर तो म्हणाला, 'काका, वाइंडिंग तांब्याचं आहे की ॲल्युमिनियमचं, तेवढं बघू द्या.' शंभर रुपये घेतले. मिक्सर फिरतोय.

फॉर्म पोस्टात टाकून पंधरा दिवस झाले. काल चिटणीसांचं पत्र आलं, तेव्हा उमगलं की पाकिटात कच्ची प्रत गेली.

'चि. यास आशीर्वाद. तुझ्या शाखेची माहिती मिळाली. इतकी तपशीलवार कोणीच पाठवली नव्हती. आपले लोक डेट्रॉइट, स्वीडन व चीनपर्यंत पोचल्याचे वाचून मंडळास अभिमान वाटला. दत्तकांची संख्या थोडी जास्त वाटते, पण छापू. रिलायन्समध्ये असलेल्या बंधूंचा पत्ता मात्र तू दिलेला नाहीस. त्यांना आश्रयदाते करून घ्यावे असा ठराव झाला आहे. पत्ता उलट टपाली कळव. तुझी वर्गणी अद्याप आलेली नाही.'