आगंतुकांचा ऑगस्ट

एडिनबरोच्या फ्रिंज महोत्सवाची एक मोठी सोय आहे. तिथे नाटक नाकारायला कोणी बसलेलंच नाही. निवड समिती नाही, प्राथमिक फेरी नाही. हॉल ठरवा, नोंदणीचे पैसे भरा, की झालात आंतरराष्ट्रीय रंगकर्मी! राज्य नाट्य स्पर्धेत केंद्रावरच गारद होणाऱ्या आपल्या मंडळींनी मात्र लगेच पासपोर्ट काढायला धावू नये.

१९४७ साली एडिनबरोत पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आठ नाटक मंडळ्या निमंत्रण नसताना येऊन धडकल्या. त्यांतल्या एकीने तर शहराबाहेर, डनफर्मलिनच्या ॲबीत प्रयोग लावला. रुसून घरी न बसता मांडवाबाहेर आपली पंगत मांडावी, तसा हा प्रकार; फ्रिंजची सुरुवात ही अशी. २०१९ मध्ये त्या पंगतीत ३,८०० हून अधिक कार्यक्रम होते.

अशा महोत्सवाला निघालेल्या छोट्या कंपनीची तयारी जाहिरातीपासून सुरू होते. कार्यक्रमपत्रिकेचा मजकूर काही महिने आधी द्यावा लागतो. त्यामुळे शेवटचा प्रवेश लिहून होण्यापूर्वीच नाटक ‘हेलावून टाकणारं’ ठरतं. मग लेखक त्या चार ओळींना शोभेल असं काहीतरी लिहायला बसतो.

सगळ्यात कसून बसवला जाणारा प्रवेश संहितेत नसतोच. एकाच हॉलमध्ये दिवसभर पाठोपाठ कंपन्या. प्रत्येकीला साधारण तासभर, आणि मधल्या दहा-पंधरा मिनिटांत आधीच्यांचं नेपथ्य बाहेर, यांचं आत. नाटकात सोफा आहे म्हटलं की दिग्दर्शकाला घाम फुटतो. राजवाडा दोन खुर्च्यांत आणि युद्ध एका लाल दिव्यात उरकतं. समीक्षक त्याला शैली म्हणतात. रात्रभर रंगणाऱ्या आपल्या संगीत नाटकांची इथे नांदी आणि दोन वन्समोअर, एवढ्यात वेळ संपली असती.

दुपारी रॉयल माइल या रस्त्यावर पत्रकं वाटायची. रात्री ज्याच्या हातून मरायचं, तोच नायिकेच्या डोक्यावर छत्री धरून उभा. मोठ्या आशेने ज्याला पत्रक द्यावं, तो दुसऱ्या कंपनीचा नट निघतो आणि आपलं पत्रक पुढे करतो. वृत्तपत्रातल्या समीक्षेत चार तारे मिळाले, तर रातोरात पट्ट्या छापून पत्रकांना टाचायच्या. दोनच मिळाले, तर त्या वृत्तपत्राची नाट्यजाण खालावली, यावर एरवी कशावरच एकमत नसलेली कंपनी एका सुरात बोलते.

तिकिटांच्या पैशांत हॉलवाल्यांचा वाटा साधारण चाळीस टक्के. त्यात बहुतेकदा किमान रकमेची हमी. प्रेक्षक सहा आले तरी ती भरायचीच. ऑगस्टात, महोत्सवाच्या महिन्यात, घरभाडीही अशी चढतात, की मॅक्बेथ आणि बँको एका खोलीत जमिनीवर झोपतात.

तरी कंपन्या येतात. १९६६ साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी टॉम स्टॉपर्ड नावाच्या नवख्या नाटककाराचं ‘रोझेनक्रान्त्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’ इथे केलं. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये रोनाल्ड ब्रायडनने ते वाखाणलं आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या नॅशनल थिएटरने ते उचललं. २०१३ च्या ‘फ्लीबॅग’मध्ये तर फीबी वॉलर-ब्रिज एकटीच होती, पुढे त्याची गाजलेली टीव्ही मालिका झाली. ही दोन उदाहरणं छोट्या कंपन्यांच्या खजिनदारांना तोंडपाठ असतात. वडिलांकडे उसने पैसे मागताना तीच सांगायची असतात.