ब्लूबेल, बैल आणि वहिवाट

लंडनच्या वायव्येस चिल्टर्न नावाच्या खडूच्या टेकड्या असून त्यांच्या उतारांवर बीच वृक्षांची जुनी राने आहेत. एप्रिल सरता सरता तेथे ब्लूबेल या निळ्या, कंदातून उगवणाऱ्या रानफुलाला बहर येतो आणि त्याच सुमारास रविवारच्या सकाळी वेंडोव्हर किंवा ट्रिंगसारख्या लहान स्थानकांवर ‘रॅम्बलर’ म्हणवणाऱ्या हौशी पदयात्रींचे जथे उतरू लागतात. वसंतातले रान पाहणे हा या जथ्यांचा घोषित हेतू असतो. परंतु पाहण्याला त्यांच्याजवळ फार थोडा वेळ उरतो, कारण उरलेला सगळा वेळ चालण्याचा हक्क बजावण्यात खर्च होतो.

हा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण, त्यांत बहुसंख्य कामगार, डर्बीशरमधील किंडर स्काउट या शिकारीसाठी राखलेल्या खाजगी माळावर परवानगीवाचून चढले आणि त्यांपैकी काहींना तुरुंगाची हवा खावी लागली. १९३५ मध्ये पदयात्रींची देशव्यापी संघटना स्थापन झाली. वाटांविषयीचा इंग्लंडचा कायदाही मोठा रसिक म्हटला पाहिजे, कारण एखाद्या वाटेवरून लोक उघडपणे, कोणाची परवानगी न मागता आणि कोणी न अडवता २० वर्षे ये-जा करीत राहिले, तर ती वाट सहसा सार्वजनिक मानली जाते. थोडक्यात, आगंतुकपणा पुरेसा जुना झाला की त्याची वहिवाट होते. सार्वजनिक पायवाट गव्हाच्या शेताच्या मधोमध जात असेल, तर नांगरटीनंतर ती पुन्हा मोकळी करून देणे शेतकऱ्यावर बंधनकारक असते. त्यामुळे बांधाने वळसा घालणे हे तत्त्वाशी तडजोड केल्यासारखे मानून वीस-पंचवीस प्रौढ स्त्रीपुरुष कोवळ्या गव्हातून एकामागे एक, ओशाळ्या चेहऱ्याने पण ताठ मानेने चालत जातात. असा जथा मराठवाड्यात एखाद्याच्या ज्वारीत शिरला असता, तर बांधावरून आलेली पहिली हाक चहासाठी खचितच नसती.

जथ्याच्या अग्रभागी नकाशा गळ्यात अडकवलेला ‘लीडर’ असतो आणि पिछाडीला ‘बॅक मार्कर’, म्हणजे कोणी मागे राहू नये यासाठी स्वतः सर्वांत मागे राहणारा गृहस्थ. या दोघांमधील अंतर वाढवण्याचे काम ‘किसिंग गेट’ करते. अर्धगोल कुंपणात झुलणारे हे फाटक एका वेळी एकाच माणसाला वाट देते आणि गुरांना मुळीच देत नाही; आत शिरायचे, फाटक आपल्या अंगावरून पलीकडे ढकलायचे आणि बाहेर पडायचे, अशी त्याची रीत आहे. बाहेर पडलेल्याने मागच्यासाठी फाटक धरून ठेवले, तर मागच्याचाच मार्ग बंद होतो. आणि मागच्यासाठी फाटक न धरणे हे तर इंग्रज संस्कारात बसत नाही. परिणामी आभार आणि क्षमायाचना यांची दुतर्फा देवाणघेवाण चालू असता लीडर दोन शेते पुढे गेलेला असतो.

रानात शिरल्यावर मात्र काही काळ सर्वांची वाचा बसते. माथ्यावरच्या पालवीचे छत्र दाट होण्यापूर्वी जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उन्हावर ब्लूबेल आपला संसार उरकून घेते; बी रुजल्यापासून पहिले फूल यायला साधारण पाच वर्षे किंवा अधिक लागतात, आणि पाने पायदळी तुडवली गेली तर कंदाला पोषण मिळत नाही, म्हणून पायवाट सोडायची नसते. जगातील सुमारे निम्मी ब्लूबेल ब्रिटनमध्ये आहेत असे मानतात. ही माहिती जथ्यातील कोणीतरी सांगतोच. मग दुसरा कोणी एका ताठ देठाच्या फुलाकडे बोट दाखवून ते स्पॅनिश जातीचे असल्याचा संशय घेतो, कारण देशी फुलाचा देठ एका बाजूला झुकतो. आणि पुढचा पाऊण मैल फुलांकडे कोणी पाहत नाही, त्यांच्या नागरिकत्वाचीच चौकशी चालते.

१९८१ च्या ज्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्याने ब्लूबेलला उपटण्यापासून अभय दिले, त्याच कायद्यात बैलाचीही, म्हणजे न खच्ची केलेल्या वळूची, सोय लावलेली आहे. सार्वजनिक वाट जाणाऱ्या कुरणात दहा महिन्यांहून मोठा वळू मोकळा सोडता येत नाही. मात्र तो मान्यताप्राप्त दुभत्या जातीचा नसेल आणि सोबत गाई किंवा कालवडी असतील, तर सोडता येतो. म्हणजे समोर वळू उभा ठाकला असता पदयात्रीने पळण्यापूर्वी त्याचे वय, त्याचा वंश आणि त्याची संगत या तिन्हींचा निर्णय करावा, अशी कायदेमंडळाची अपेक्षा दिसते. जथ्यात यावर रीतसर विचारविनिमय होतो. जनावर जर्सी ठरल्यास ते तेथे असणेच बेकायदेशीर, या निष्कर्षाने सर्वांना नैतिक बळ येते, परंतु ते बळ वळूला दिसत नसल्यामुळे अखेर कुंपणापलीकडून लांबचा वळसा घेतला जातो.

गावच्या पबमध्ये चिखलाचे बूट दाराशी काढून मोजदाद होते, तेव्हा निघताना होते त्यापेक्षा एक माणूस जास्त भरतो. चौकशीअंती तो नवखा निघतो, आणि एवढी माणसे ज्या अर्थी इतक्या ठामपणे चालली आहेत त्या अर्थी त्यांना स्थानकाची वाट ठाऊक असणार, अशा समजुतीने वळूच्या कुरणापासून आपण मागे आल्याचे तो बॅक मार्करची क्षमा मागत सांगतो.