भिजत घोंगडं, चढतं व्याज

नोटाबंदी 2016 च्या नोव्हेंबरातली. तेव्हा बँकेत भरलेल्या रोकडीवरून निघालेली प्राप्तिकराची कित्येक अपिलं अजून पडून आहेत. त्यानंतर आलेली दोन हजारांची नोटही 2023 मध्ये मागे घेतली गेली. अपिलं जागची हललेली नाहीत.

बड्यांची काळजी नको, त्यांच्या दिमतीला वकिलांची फौज आहे. मी बोलतोय निवृत्त मास्तरांबद्दल, किराणा दुकानदाराबद्दल, कांद्याची पट्टी रोखीत घेणाऱ्या शेतकऱ्याबद्दल.

हिशेब ऐका. दहा लाख भरले आणि खुलासा अधिकाऱ्याला पटला नाही. 60 टक्के कर, त्यावर 25 टक्के अधिभार, वर उपकर. एकूण 77.25 टक्के, म्हणजे 7 लाख 72 हजार 500 रुपये. व्याज वेगळं.

मास्तरांनी हे आणायचं कुठून?

अपील करा म्हणतात. करायचं, पण 30 दिवसांच्या आत. वसुली थांबवायची तर साधारणपणे मागणीच्या 20 टक्के आधी भरून. आणि निकाल? अपील केलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून वर्षभरात, तेही शक्य असेल तर. नसेल तर काय, यावर कायदा गप्प.

हरलात, तर थकलेल्या रकमेवर महिन्याला 1 टक्का व्याज. जिंकलात, तर भरलेल्या पैशांवर तुम्हाला मिळणार महिन्याला अर्धा टक्का. उशीर खात्याचा, भुर्दंड करदात्याचा. हा कुठला न्याय?

पुरावा मागतात, मागायलाच हवा. पण एटीएमच्या पावतीवरची शाई दोन-तीन वर्षांत उडून जाते. काळा पैसा रोखण्याच्या कायद्यानं बँकेवर व्यवहारांच्या नोंदी जपण्याचं बंधन घातलंय, तेही पाचच वर्षांचं. अपील त्याहून जास्त जगतं.

2020 पासून अपिलं चेहराविरहित झाली. चिरीमिरी थांबावी हा हेतू उत्तमच. पण चौकशीला जायचं तर दार कुठलं ठोठवायचं?

नोटीस ई-मेलवर येते. पोर्टलवर नोंदलेला ई-मेल बहुतेकदा जुन्या कर सल्लागाराचा असतो, तो सल्लागार केव्हाच बदललेला असतो. उत्तर गेलं नाही की एकतर्फी आदेश. म्हणून आज एवढं कराच: पोर्टल उघडा, ई-मेल आणि मोबाइल नंबर स्वतःचा टाका. जुन्या पासबुकांच्या, सातबाऱ्याच्या, बाजार समितीच्या पट्ट्यांच्या प्रती काढून ठेवा. नोटिशीवरचा ओळख क्रमांक पोर्टलवर ताडून पाहा. तडजोड करून देतो म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या.

आणि घरात सांगा. ही माणसं बायकोपासूनही कागद लपवतात, जणू चोरीच केली आहे. चौकशी म्हणजे गुन्हा नव्हे. पण इतकी वर्षं निकालच नसला, तर गावाला हे कोण पटवणार? दरम्यान पुढच्या वर्षांचा परतावाही जुन्या मागणीत वळता होतो. औषधपाण्याला धरलेला पैसा जातो.

सरकारला हे कळत नाही असं नाही. 1 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी जुन्या किरकोळ मागण्या मागे घेतल्या. 2009-10 पर्यंतच्या 25 हजारांपर्यंत, पुढच्या पाच वर्षांच्या 10 हजारांपर्यंत. त्यांतल्या काही थेट 1962 पासूनच्या होत्या. प्रामाणिक करदात्याला त्यांचा घोर लागतो, हेही त्यांनीच संसदेत सांगितलं.

बासष्ट वर्षांनी.

मग मोठ्या रकमेच्या घोराचं काय? तिथे करबुडवा असेल तर त्याला जरूर धरा, दंड लावा. पण निकाल द्या. करदात्याला 30 दिवसांची मुदत लावणाऱ्या खात्यानं स्वतःलाही एक पक्की मुदत लावून घ्यावी. ती उलटली, की त्या अपिलातलं पुढचं व्याज बंद आणि परतावा वळता करणंही बंद. येत्या अर्थसंकल्पात एवढी एक दुरुस्ती करा.