सोळा डोळे, एक हार्डडिस्क

पाण्याच्या टाकीला तडा गेला तरी सोसायटीच्या सभेला कोरम भरत नाही. अजेंड्यावर ‘सीसीटीव्ही बसविणेबाबत’ असा विषय आला की मात्र गच्चीवरच्या खुर्च्या कमी पडतात. निमित्त बहुधा पार्किंगमधून गेलेल्या सायकलीचं असतं. सायकल दोन हजारांची, पण चर्चा दोन लाखांची.

तीन कोटेशनं येतात. पहिल्यात आठ कॅमेरे, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात सोळा. भाव जवळपास सारखाच. खजिनदार कोथिंबिरीची जुडी निवडतात त्याच नजरेनं तिसरं कोटेशन निवडतात. त्याच्या शेवटच्या ओळीत, ‘जीएसटी वेगळा’च्या बरोब्बर वर, ‘हार्डडिस्क 1 टीबी’ असं लिहिलेलं असतं. ती ओळ कुणी वाचत नाही.

कुणी नाही म्हणजे, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर सोडून. ते पावतीच्या पाठीवर हिशेब मांडतात. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या बेतानं चोवीस तास रेकॉर्डिंग करू लागला, तर दिवसाला 21.6 जीबी खातो. असे सोळा म्हणजे साडेतीनशे जीबीच्या आसपास. एक टीबी तीन दिवसही पुरत नाही. मग रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं लिहू लागतो. गणपतीला गावी गेलेलं कुटुंब दहा दिवसांनी परत येऊन कुलूप तुटलेलं बघतं, तोवर यंत्रानं तीनदा पाटी कोरी केलेली असते. महिनाभराचं हवं असेल तर दहा टीबीच्या वर जागा लागेल. हालचाल दिसली तरच रेकॉर्डिंग करायचं ठरवलं, तर गरज बरीच कमी होईल.

‘‘काका, मुद्द्यावर या,’’ सेक्रेटरी म्हणतात.

मुद्दा म्हणजे कॅमेरे कुठे लावायचे. एक चेअरमनच्या गाडीकडे. एक भाडेकरूंच्या जिन्याकडे. एक कचऱ्याच्या डब्याकडे, कारण ‘बी’ विंगची ओली पिशवी रोज कोण बाहेर ठेवतं, याचा पाच वर्षांचा वाद निकाली काढायचाय. गेटवरचा कॅमेरा दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, म्हणजे ‘सगळं कव्हर होतं’. सगळं म्हणजे चोवीस मीटर रुंदीचं दृश्य. दोन मेगापिक्सेलच्या चित्रातल्या आडव्या 1920 ठिपक्यांना चोवीसनं भागलं की मीटरला ऐंशी ठिपके पडतात आणि माणसाच्या चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम तेरा. अनोळखी माणूस ओळखायचा तर मीटरला अडीचशे ठिपके हवेत, असं या धंद्यातलं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. म्हणजे आठ मीटरपेक्षाही अरुंद चौकट, तीही डोळ्यांच्या बेताच्या उंचीवरून. दुसऱ्या मजल्यावरून दिसतं ते टक्कल.

रात्रीची मजा वेगळीच. इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो आणि लेन्सवर जाळं विणतो. पहाटे तीनला सेक्रेटरींच्या मोबाइलवर ‘हालचाल आढळली’ असा इशारा वाजतो. आठ पायांचा घुसखोर अगदी स्पष्ट दिसतो. मीटरला अडीचशे ठिपक्यांपेक्षा कितीतरी जास्त.

पासवर्ड कंपनीनं दिलेलाच ठेवायचा असतो, कारण बदलला तर विसरेल. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामनं असेच कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून जगभरचे डीव्हीआर नि कॅमेरे ताब्यात घेतले होते. त्या फौजेच्या माऱ्यानं 21 ऑक्टोबरला ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत कित्येक तास कोलमडल्या. सोसायटी मात्र निर्धास्त आहे. पासवर्ड फक्त व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलाय.

समजा, चोर डोळ्यांच्या उंचीवर थांबला, वर बघून हसला आणि तीन दिवसांच्या आत सापडला. तरी पुढे कोर्ट आहे. जालन्यात 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा, यावरून खटला उभा राहिला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुराव्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जुलै 2020 मध्ये न्यायालयानं सांगितलं, की मूळ यंत्र हजर करत नसाल तर नकलेसोबत कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र हवंच. आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. वाद वेळेचा असला की यंत्राच्या घड्याळाला किंमत येते. आणि या सोसायटीच्या डीव्हीआरमधला बटणाएवढा सेल संपल्यामुळे त्याच्या मते आज 1 जानेवारी 2000 आहे.

हे प्रमाणपत्र देणार कोण, यावर सभेत मौन पसरतं. चहा येतो.

सहा महिन्यांनी चोर खरोखर आला. त्यानं गाड्यांना हात लावला नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलावर, उघड्यावर ठेवलेला डीव्हीआर वायरी उपटून पिशवीत घातला आणि चालता झाला. तातडीच्या सभेत ठराव एकमतानं मंजूर झाला: नवा डीव्हीआर घ्यावा आणि त्याच्यावर नजर ठेवायला सतरावा कॅमेरा बसवावा. त्याचं रेकॉर्डिंग कुठे होणार, असं इंजिनिअरकाकांनी विचारलं. खजिनदार म्हणाले, ‘‘त्याच डीव्हीआरमध्ये. वेगळा खर्च नाही.’’