बाई व्हायचंय, पण दीड हजारापुरतं

‘पुढचा जन्म बाईचा घ्याल की पुरुषाचा?’ हा प्रश्न महिला मंडळाच्या हळदीकुंकवात, दिवाळी अंकाच्या परिसंवादात आणि रात्री अकरानंतर गच्चीवर हमखास निघतो. पुरुष मंडळी अशा वेळी मोठ्या मनाने सांगतात, ‘बाईचा! मातृत्व अनुभवायचंय.’ भांडी अनुभवायची आहेत असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

या विषयावरचा आपल्याकडचा जुना जबाब महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. भंगास्वन नावाचा राजा इंद्राचा रोष ओढवून घेतो, सरोवरात उतरतो आणि बाई होऊन बाहेर येतो. पुढे इंद्र प्रसन्न होतो, म्हणतो, हवं ते रूप घे. राजा बाईच राहतो. त्याने दिलेलं कारण घरोघरी वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात छापण्याजोगं नाही. कथा सांगतात भीष्म, म्हणजे साक्षीदार आजन्म ब्रह्मचारी. शिवाय राजा बाई झाल्यावर राज्य मुलांवर सोपवून रानातल्या आश्रमात गेला. सासरी नांदायला गेला असता तर जबाब फिरवला असता, अशी आमची खात्री आहे.

बायकांना तर हे विचारायचीही गरज नाही. वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळून त्या सात जन्मांचं आरक्षण एकदम करून टाकतात. नवरा तोच म्हटल्यावर आपण कोण, हे ओघानेच आलं. छत्रपती संभाजीनगरात पत्नीपीडित म्हणवणारे पुरुष आदल्या दिवशी पिंपळाला उलट्या फेऱ्या घालतात आणि ‘ही बायको नको’ म्हणून साकडं घालतात. पुढच्या जन्मी बाई होऊन तिलाच नवरा करून घ्यावं आणि फिट्टंफाट करावी, हा सोपा उपाय तिथे कोणालाच सुचलेला दिसत नाही.

पण देव, सरोवर, पिंपळ यांच्या नादी लागायची गरज आता उरलेली नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आणली. वय २१ ते ६५, उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला दीड हजार रुपये. २०२५ च्या जुलैमध्ये छाननीत उघड झालं, की लाभार्थी बहिणींमध्ये १४ हजारांहून अधिक भाऊ आहेत. इंद्राचा कोप नाही, सरोवर नाही, भूल नाही, टाका नाही. आधार, पासबुक आणि हमीपत्रावर सही, एवढ्यावर लिंगबदल. यावर असाही खुलासा आला, की काही बायकांनी घरातल्या पुरुषाचं खातं दिलं असेल. म्हणजे बहीण खरी होती, फक्त तिचे पैसे भावाला पोचत होते. हा बचाव आहे की दुसरा आरोप, ते ज्याने त्याने ठरवावं.

हे भाऊ पहिले मात्र नव्हेत. पंचायतीत बायकांना जागा राखीव झाल्या तेव्हापासून आपल्याकडे सरपंचपती नावाचं पद रुजलं आहे. सोडतीत महिला आरक्षण निघालं, की गावचा पुढारी रातोरात अर्धा बाई होतो. सही तिची, शिक्का तिचा, झेंडावंदन तिचं. ‘सरपंच’ अशी हाक आली की ‘ओ’ देणार मिस्टर. घर बायकोच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तिथेही साहेब आनंदाने मागे सरतात. एसटीत २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा मागच्या बाकावरून ‘आता लुगडंच नेसतो’ हा विनोद पुष्कळ झाला. नेसलं कोणी नाही. लुगडं नेसून चालणं सोपं नाही. ते बालगंधर्वांना जमलं, इतकं की घरंदाज बायकांनी त्यांचं पाहून नेसण उचललं. पण त्यांनाही प्रयोगानंतर ते उतरवता येत होतं.

उतरवता न येणारा भाग केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आहे. बिनपगारी घरकामात बाईची दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. हे ८८ सुद्धा जे पुरुष काही करतात त्यांचे. जे करतच नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. बायकांना पुरुष व्हावंसं वाटत असेल, तर बहुधा तासा-दोन तासांपुरतं. रात्री एकटीने घरी यायला, किंवा बाजारात गेल्यावर मुतारी शोधायला. मुंबईत ‘राइट टू पी’ची चळवळ उभी राहिली ती पुरुषांना जे फुकट मिळतं त्याचे बायकांकडून पैसे घेतात म्हणून.

आणि ज्यांना लिंगबदल खरोखरच हवा असतो, जगण्यासाठी हवा असतो, त्यांचं काय? २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्याने त्यांना वाट आखून दिली ती अशी: शस्त्रक्रिया करा, वैद्यकीय अधीक्षकाचा दाखला आणा, जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा, तो पटला तर प्रमाणपत्र. वाटेत घरचे, दारचे आणि कारकून काय काय विचारतात ते वेगळंच. तिथे पुरावा मागणारं शासन लाडक्या बहिणींच्या यादीत १४ हजार वेळा गाफील कसं राहिलं?

या भावांकडून पैसे वसूल करू, असं सरकार म्हणालं. जरूर करावेत. पण त्यांची नावं यादीतून काढू नयेत, अशी आमची विनंती आहे. त्यांनी स्वतःच्या सहीने बाई असल्याची हमी दिलेली आहे. तेव्हा उद्या सकाळपासून अंगणवाडीसेविकेने त्यांच्या घरी जाऊन २८९ मिनिटांची हजेरी घ्यावी.