व्हीलवर किती, क्रँकवर किती

एका घोड्यात एक अश्वशक्ती असते, ही समजूत घोड्यांनी कधीच मान्य केलेली नाही. १९२५ साली अमेरिकेतल्या आयोवाच्या जत्रेत वजन ओढण्याच्या स्पर्धेत घोडे उतरले होते. त्यांच्या नोंदी घेऊन दोन संशोधकांनी १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हिशेब मांडला, की तगडा घोडा काही सेकंदांपुरता पंधराएक अश्वशक्ती काढू शकतो. दिवसभर जुंपला तर मात्र तो एकीच्या आसपास येतो. जत्रेतल्या घोड्याचा भाव धरला, तर आपली जुनी चाळीसेक अश्वशक्तीची मारुती ८०० पावणेतीन घोड्यांची ठरते. पाच माणसं आणि टपावर वळकट्या घेऊन ज्यांनी ती खंबाटकीच्या घाटात चढवली आहे, त्यांची याला हरकत नसावी.

मिनिटाला ३३,००० फूट-पौंड म्हणजे एक घोडा, हे जेम्स वॉटने १७८० च्या दशकात ठरवलं, ते शास्त्राच्या प्रेमापोटी नव्हे. गिरणीवाल्यांना घोडे सोडून वाफेचं इंजिन घ्यायला लावायचं होतं, आणि त्याचे पैसे घोड्यामागे इतके असे वर्षाला वसूल करायचे होते. म्हणजे अश्वशक्ती जन्मली तीच बिल फाडण्यासाठी.

हे वॉटइतकंच आमच्या दादालाही समजलेलं आहे. दादा नारायणगावजवळ शेती करतो. आपल्याकडे ज्या कृषिपंपांना मीटर नाही त्यांचं बिल मोटरच्या एचपीवर निघतं, आणि २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली आहे. तेव्हापासून विहिरीवरच्या मोटरबद्दल बोलताना आमच्या शिवारात सगळ्यांच्याच आवाजात विनय आला आहे. “साडेसातच आहे,” असं लोक न विचारताच सांगतात.

माझ्या भाच्याचा प्रश्न बरोबर उलटा. त्याच्याकडे जुनी पोलो जीटी टीएसआय आहे. कंपनीच्या कागदावर १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. एवढ्यावर माझ्या पिढीने सुखाने संसार केला असता. त्याने गाडीच्या संगणकाचा रीमॅप करून घेतला, एअर फिल्टर बदलला आणि ‘स्टेज वन’ झाली म्हणून पेढे वाटले. त्यानंतर त्याची गाडी एकाच वेळी तीन ताकदींची झाली. मित्रांना तो १४० सांगतो. सर्व्हिस सेंटरमध्ये, वॉरंटी आणि विम्याच्या भीतीने, तीच गाडी १०५ ची असते. वडिलांना तो आकडाच सांगत नाही. “मायलेज सुधारलंय,” एवढंच म्हणतो.

अशा तिढ्यात निकाल द्यायला एक यंत्र असतं, आणि त्याला ही मंडळी लाडाने ‘डायनो’ म्हणतात. पुण्याच्या बाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये मी ते पाहिलं. मला का नेलं? “मामा, फी थोडी जास्त आहे,” हे त्याने वाटेत सांगितलं.

गाडीची पुढची चाकं जमिनीत बसवलेल्या रोलरवर चढवली, मागून पट्टे आवळून तिला बांधलं, नाकासमोर माणूसभर उंचीचा पंखा लावला आणि धुराच्या नळकांड्याला जाड होज जोडला. गाडी जिथल्या तिथे १५० च्या वेगाने धावणार होती. हृदयविकाराच्या दवाखान्यात ट्रेडमिलवर चाचणी करतात, थेट तसा थाट: रुग्णाच्या अंगावर वायरी, पडद्यावर आलेख, आणि काचेपलीकडे हात चोळत उभे नातेवाईक. फरक इतकाच, की दवाखान्यात आलेख सपाट नसावा म्हणून देव पाण्यात ठेवतात, आणि इथे टॉर्कची रेघ जितकी सपाट तितके लोक खूश.

खरं तर या यंत्राला घोडे दिसतच नाहीत. फ्रान्समध्ये १८२१ साली प्रोनी या अभियंत्याने फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळले, त्यांना लांब तरफ लावली आणि तरफ तोलून धरायला किती वजन टांगावं लागतं ते पाहिलं. मोजला तो पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क. पंक्चरवाला पान्ह्याच्या दांडीत पाइप घालून वर उभा राहतो आणि गंजलेला नट सोडवतो, तोच हा जोर. आजच्या डायनोवर ठोकळ्यांऐवजी विजेच्या चुंबकाचा ब्रेक असतो. काही ठिकाणी तोही नसतो. नुसता वजनदार रोलर असतो आणि गाडी त्याला किती झटक्यात वेग देते यावरून संगणक उत्तर काढतो. अश्वशक्ती त्यानंतर येते. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणायचं, सात हजार चोवीसने भागायचं, की घोडे हजर. टॉर्क फूट-पौंडात आणि शक्ती अश्वशक्तीत धरून एकाच पट्टीवर आलेख काढला, तर दोन्ही रेघा ५,२५२ आरपीएमला एकमेकींना छेदतातच. न छेदणारा असा आलेख कोणी अभिमानाने दाखवला, तर कौतुक करावं आणि विश्वास ठेवू नये.

रीमॅप करणाऱ्या ट्यूनरने चौथ्या गिअरमध्ये पुल मारला, म्हणजे ॲक्सिलरेटर तळाशी दाबून आरपीएम शेवटपर्यंत चढवला. शेडचे पत्रे थरथरले, कोपऱ्यातलं कुत्रं सवयीने उठून बाहेर गेलं. पडद्यावर आकडा आला: ११२.

भाच्याचा चेहरा पडला. त्याने लगेच पुन्हा पुल मारायला लावला, तर चार आणखी गेले. टर्बोतून येणारी हवा गार करणारा इंटरकूलरच आता तापला होता, आणि गरम हवेत प्राणवायू विरळ. ट्यूनर मात्र शांत होता. असे पडलेले चेहरे त्याने बरेच पाहिले असावेत.

“अरे, हे व्हीलवरचे आहेत,” तो म्हणाला. “कंपनी क्रँकवरचे सांगते. मधे गिअरबॉक्स खातो, जॉइंट खातात, टायर खातात.”

“किती खातात?”

“पंधरा टक्के धर.”

११२ चे १३० झाले. कुठलाही कर भरताना मला पंधरा टक्क्यांचं असं सुख मिळालेलं नाही. “आणि करेक्शन लावायचंय अजून,” ट्यूनर म्हणाला. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. इथली हवा पातळ, त्यात दुपारचं ऊन. जर्मनांच्या डीआयएन नियमाप्रमाणे गाडी समुद्रकाठी वीस अंशांच्या हवेत असती तर तिने किती ताकद काढली असती, हे गृहीत धरून आठ-नऊ टक्के वाढवून मिळतात. अमेरिकी एसएई नियमाची हवा याहून जराशी गरम आणि हलकी, म्हणून तो हात आखडता घेतो. अलिबागला न जाता अलिबागची हवा खाण्याची ही सोय मला फार आवडली. टर्बोच्या गाडीला ती पूर्ण लागू होऊ नये असं जाणकार म्हणतात, कारण पातळ हवेची भरपाई टर्बोने आधीच बरीचशी केलेली असते. मी हे बोलून दाखवलं नाही. फी मी भरणार होतो, पण भाच्याचा आनंद त्याचा होता.

शेवटी डीआयएनप्रमाणे, क्रँकवर, १४१ आले. गिअरबॉक्सला २५० न्यूटन-मीटरच्या वर झेपत नाही, म्हणून टॉर्क मुद्दामच त्याच्या आत ठेवला होता. त्या संयमाबद्दल कोणी पेढे वाटले नाहीत.

या पोरांना हसण्यात अर्थ नाही, मोठमोठ्या कंपन्यांनी हेच केलं आहे. अमेरिकेत १९७१ पर्यंत इंजिनाला पंखा, सायलेन्सर वगैरे ओझं न लावता, नुसतं टेबलावर ठेवून मोजायची पद्धत होती. १९७२ मध्ये सगळा संसार अंगावर घालून मोजायचं ठरलं. कॅडिलॅक एल्डोराडोचं जे इंजिन १९७१ मध्ये ३६५ चं होतं, ते पुढच्या वर्षी कागदावर २३५ चं झालं. गिऱ्हाइकाच्या दारातली गाडी तशीच होती, फक्त शेजाऱ्याला सांगायचं कठीण झालं. जपानी कंपन्या आमच्या दादाच्या वळणाच्या. १९८९ पासून त्यांनी आपसात ठरवून टाकलं, की २८० च्या वर कोणी जायचं नाही. मग निस्सान स्कायलाइन जीटी-आरसारख्या गाड्या माहितीपत्रकात नम्रपणे २८० लिहीत आणि डायनोवर चढल्या की सव्वातीनशेच्या आसपास बोलत. २००४ मध्ये होंडाने लिजंड ही गाडी उघड ३०० ची म्हणून आणली आणि ती विनयाची पंधरा वर्षं संपली. खानदानी बाणा मात्र रोल्स रॉईसचा. कितीतरी वर्षं त्यांनी ताकदीचा आकडाच दिला नाही. ‘पुरेशी’ म्हणून विषय संपवायचे.

पुरेशी म्हणजे किती, याचा हिशेब मी शेडच्या बाहेर बाकावर बसून केला. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जायला पोलोएवढ्या गाडीला साधारण सहा अश्वशक्ती लागतात. हवा बाजूला सारायला काही, टायर लोळवायला काही, बस्स. दादाच्या विहिरीवरच्या मोटरपेक्षाही कमी. उरलेले सगळे घोडे ओव्हरटेकसाठी, घाटासाठी आणि सांगण्यासाठी पाळलेले. भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “मामा, साठने जातं कोण?” कर्वे रोडला संध्याकाळी कोणाला साठने जायला मिळतं, हे मला विचारायचं होतं; पण त्याचा प्रिंटआउट लॅमिनेट होत होता आणि त्याचं लक्ष तिकडे होतं.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच गाडीने नारायणगावला निघालो. चाकणला भाच्याने कारखान्याच्या दिशेने हॉर्न वाजवला. पोलोचं माहेर ते. दादाच्या अंगणात गाडी उभी राहिली तेव्हा चहाला चार माणसं बसली होती. भाच्याने लॅमिनेट केलेला कागद काढला आणि थोरल्या मामांच्या हातात दिला. दादाने चष्मा लावून लाल रेघ पाहिली, निळी पाहिली.

“एकशे एक्केचाळीस एचपी, थोरले मामा!” भाचा म्हणाला, जरा मोठ्यानेच.

दादाने कागद झटकन उलटा करून मांडीखाली घातला. “हळू बोल रे,” तो म्हणाला. “तो चहा पितोय ना, तो वायरमन आहे.”