कलम ९ साहेबांच्या सेवेशी : एक उघडे पत्र

भारतीय नागरिकत्व अधिनियमातील कलम ९ यांचा जन्म ३० डिसेंबर १९५५ रोजी झाला. काम एकच: ज्या भारतीयाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याचे भारतीय नागरिकत्व जागच्या जागी संपवणे. त्यासाठी नोटीस लागत नाही, सुनावणी लागत नाही, कोणाची सहीही लागत नाही. माणूस तिकडे हात वर करून शपथ घेतो, तोवर इकडे साहेबांचे काम उरकलेले असते. रेशनकार्डावर नाव चढवायला महिने लागणाऱ्या देशात नाव उतरवण्याची ही तत्परता कौतुकास्पदच म्हटली पाहिजे. नागरिकत्व गेले की नाही याबद्दल वाद निघालाच, तर उपकलम (२) नुसार निवाडा केंद्र सरकार करते.

साहेबांच्या पोटात एक परंतुकही आहे. भारत युद्धात गुंतलेला असताना कोणी परके नागरिकत्व घेतले, तर केंद्र सरकार वेगळा हुकूम देईपर्यंत हे कलम लागू होत नाही. लढाई पेटल्यावर कोणी नागरिकत्व बदलून जबाबदारीतून निसटू नये, असा त्यामागचा हिशेब दिसतो. फलित मात्र गमतीचे आहे. शांततेच्या काळात परके नागरिकत्व घेऊन इंग्लंडातल्या गोदामात खोकी उचलायला गेलेला तत्काळ परका ठरतो आणि ऐन युद्धात पलीकडे गेलेला हुकूम सुटेपर्यंत आपलाच राहतो.

हे पत्र ज्या प्रकरणामुळे निघाले ते गोव्यातल्या सासष्टीच्या एका निवृत्त तारवटीचे आहे. जहाजावर आचारी म्हणून त्याने उमेदीची वर्षे घालवली. म्हातारपणी एका सरकारी खिडकीपाशी त्याला विचारण्यात आले, "तुम्ही मूळचे भारतीय, याला पुरावा काय?" त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत कोपरा कापलेला भारतीय पासपोर्ट होता, खलाशांचे सीडीसी पुस्तक होते, घरपट्टीची पावती होती. शेवटी उपयोगी पडला तो त्याच्या जन्माचा दाखला, तोही पोर्तुगीज भाषेत, पोर्तुगीज राजवटीच्या शिक्क्याचा. मूळच्या भारतीय परदेशी नागरिकांसाठीचे ओसीआय कार्ड कोणाला द्यायचे हे सांगणाऱ्या कलम ७ अ मध्ये '१५ ऑगस्ट १९४७ नंतर भारताचा भाग झालेल्या प्रदेशातील' माणसांचा वेगळा उल्लेख आहे. त्यामुळे ज्या दाखल्याच्या बळावर साहेबांनी त्याला बाहेर काढले, त्याच दाखल्याच्या बळावर शेजारच्या कलमाने त्याला मूळचा भारतीय ठरवले. दोन्ही कलमे एकाच अधिनियमात राहतात. त्यांचे आपसात बोलणे नसावे.

बाहेर काढण्याची हकीकत समजायला १९६१ पर्यंत मागे जावे लागते. गोवा १९ डिसेंबरला मुक्त झाला तेव्हा हा तारवटी तीन वर्षांचा होता. पुढे २८ मार्च १९६२ रोजी गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश निघाला. जो स्वतः, किंवा ज्याचे आईबाप वा आजीआजोबा २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानला गेला. ज्याला जुने नागरिकत्व ठेवायचे होते त्याने महिन्याभरात लेखी कळवायचे होते. काहींनी तसे कळवलेही. मोन्सिन्योर रेमेदियस मोन्तैरो या धर्मगुरूंनी पोर्तुगीज राहणे पसंत केले. राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर त्यांच्यावर परकीय नागरिक म्हणून खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली. आपल्याच भूमीत राहण्याबद्दल शिक्षा. तीन वर्षांच्या पोराने अर्थातच काही कळवले नाही.

पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये. जमीन सोडली, पण जन्मनोंदी सोडल्या नाहीत. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्याला आणि त्याच्या मुलानातवंडांना लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिक होता येते. पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेल्यापासून या वाटेला बाजारभाव आला. बापाची नोंद झाल्याशिवाय मुलाची होत नाही, म्हणून गोव्यात कितीतरी म्हातारे लेकरांसाठी कागदोपत्री पोर्तुगीज झाले. मुले लिस्बनला राहिली असे क्वचितच. ती गेली ब्रिटनमधल्या साउथॉलला, स्विंडनला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या जुन्या रहिवाशांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवावा लागला. नव्याने जाणाऱ्यांची वाट बंद झाली.

सदर तारवटीनेही लिस्बनला जन्म नोंदवला. त्याला पोर्तुगीज येत नाही, लिस्बन त्याने बंदरातून पाहिले असेल तेवढेच. जन्माने जे होता ते पुन्हा नोंदवून घेतले, यात 'स्वेच्छेने संपादन' नेमके कुठे घडले, हा प्रश्न साहेबांना पडत नाही. नियमांनी त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे: परदेशी पासपोर्ट हातात असणे हाच निर्णायक पुरावा, त्यापुढे म्हणणे मांडायची सोय नाही. त्यातून ज्यांनी लिस्बनच्या नोंदीनंतरही भारतीय पासपोर्ट वापरला, त्यांचे पासपोर्ट माहिती दडवल्याच्या ठपक्याखाली रद्द झाले. ओसीआय कार्डासाठी मात्र पासपोर्ट स्वतः परत केल्याचा दाखला लागे. रद्द झालेला पासपोर्ट परत कसा करायचा? या पेचात माणसे स्वतःच्याच घरात व्हिसावर राहू लागली. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रद्द केल्याचा दाखलाही चालेल असे मान्य केले, तेव्हा कुठे गाडे हलले.

मिळालेले कार्ड काय देते? आयुष्यभराचा व्हिसा. काय देत नाही, त्याची यादी लांबलचक आहे. मत नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरी नाही. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार, गिर्यारोहण यांना आधी परवानगी हवी. शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर ठेवता येते. तारवटीचे खरे दुखणे हेच आहे. बापाच्या खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या शेतातला, स्वतःचा वाटा त्याच्याकडे आहे, धाकट्या भावाला आपला वाटा विकायचा आहे, आणि मध्ये एका माणसाच्या रुंदीचा बांध आहे. भाऊ तो वाटा कोणा तिऱ्हाईत शेतकऱ्याला विकू शकतो. सख्ख्या भावाला नाही. ओसीआय कार्डाला कोणी माहेरवाशिणीची उपमा देतात: या, राहा, गोडधोड खा, पण वाट्याचे बोलू नका. गोव्यात ही उपमाही लंगडी पडते, कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने तिथल्या मुलींना वारसाहक्कात मुलांच्या बरोबरीने कधीच बसवले होते.

निष्ठेचे प्रकरण याहून मजेशीर आहे. कलम ७ ड प्रमाणे कार्डधारकाने राज्यघटनेविषयी अप्रीती दाखवली तर कार्ड रद्द होऊ शकते. म्हणजे ज्याला घटनेने मत दिले नाही त्याने घटनेवर प्रेम मात्र करायचे. प्रवासी भारतीय दिन दर ९ जानेवारीला धरतात, गांधीजी १९१५ मध्ये त्याच तारखेला परतले म्हणून. त्या मंडपात या प्रेमाला फार भाव असतो. २०१७ च्या जानेवारीत बंगळूरला पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियु कोश्ता यांना भारताच्या पंतप्रधानांनी स्वहस्ते ओसीआय कार्ड दिले. कोश्तांचे वडील मडगावच्या घराण्यातले, टाळ्या रास्तच होत्या. मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान झाला तेव्हाही महाराष्ट्राने पेढे वाटलेच. दुसऱ्या देशाचा झेंडा वाहणारा मोठा झाला की तो आपला, आणि स्विंडनच्या गोदामात राबून गावच्या कपेलाचे छप्पर दुरुस्त करायला पैसे पाठवणारा तो संशयित! याला कायदा म्हणत नाहीत, याला ढोंग म्हणतात. निष्ठा हवी असेल तर तारवटीच्या पिशवीत पाहावी. घरपट्टी त्याने एकही वर्ष चुकवलेली नाही.

तरीही सगळा दोष साहेबांच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. त्यांचा जन्म फाळणीच्या घरातला. घटनेच्या अनुच्छेद ७ ने १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेल्यांचे नागरिकत्व नाकारले, परवान्यावर कायमचे परतणाऱ्यांना सवलत दिली. कोण गेले, कोण परतले, कोण दोन्हीकडे पाय ठेवून आहे, हे सरकारला रोज ठरवावे लागत होते. तेव्हा दुहेरी नागरिकत्व म्हणजे दोन घरे नव्हती, दोन सैन्ये होती. परत येण्यासाठी मिळेल तो पासपोर्ट घेऊन आलेली साधी माणसेही त्यात चिरडली गेली. पासपोर्ट हाच निर्णायक पुरावा, हा नियम १९६२ मध्ये इझहार अहमद खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला, तो अशाच लोकांच्या विरोधात. भीतीच्या काळात दाराशी बसवलेल्या पहारेकऱ्याला नंतर कोणी 'आता झोप' असे सांगितलेच नाही. परदेशस्थ भारतीयांविषयीच्या सिंघवी समितीने २००२ मध्ये दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली, २००३ च्या दुरुस्तीने तिची ओसीआय केली, आणि साहेबांच्या मजकुराला कोणी हात लावला नाही. सत्तरीत असा एकटा पहारा देणे सुखाचे नसावे.

परतीची वाट कायद्यात आहे. कलम ५(१)(फ) प्रमाणे पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक असलेला प्रौढ माणूस अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिला, तर नोंदणीने पुन्हा नागरिक होऊ शकतो. त्याला परके नागरिकत्व सोडावे लागते आणि घटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. तारवटीला शपथ अवघड नाही, खाजनासाठी तर तो ती दोनदा घेईल. पण सहा महिन्यांची नात स्विंडनमध्ये आहे, मुलाला रात्रपाळी असते, सून गोदामात दिवसपाळीला जाते आणि वर्षातून काही महिने आजोबांनी तिथे राहावे असे ठरले आहे. तिथे राहण्याचा त्याचा हक्क पोर्तुगीज पासपोर्टावर मिळालेला आहे. म्हणून अर्ज भरलेला नाही. भावाने खाजनातला वाटा विकायला पावसाळ्यापर्यंत मुदत दिली आहे.